शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सला खुले पत्र

शंभर टक्के निकाल यास,

तुला ‘माननीय’ लिहीत नाही. मान तुला उदंड मिळतो. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्याच सकाळी तू शाळेच्या फाटकावर चढतोस आणि पावसाळा सरेपर्यंत खाली उतरत नाहीस. मालाड स्टेशनवरून 271 नंबरची बस धरून मढला यायला निघालं की वाटेत तू भेटतच राहतोस. वर हात जोडलेले संस्थेचे अध्यक्ष, मध्ये पासपोर्ट फोटोंच्या ओळी आणि सगळ्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत तू. फोटोत कोण आहे ते सगळी वस्ती बघते. फोटोत कोण नाही ते मी बघते. तुझ्यापायी ज्यांना शाळेबाहेर जावं लागलं त्या मुलांच्या वतीने हे पत्र आहे. ते चारचौघांत लिहिते आहे, कारण तुझी मिरवणूकही चारचौघांतच निघते.

माझ्या बहिणीचा मुलगा मढला वाढला. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यातून सेरेब्रल पाल्सी. चालायला वॉकर लागतो. उजवा हात आखडलेला आहे. बोलणं सावकाश, अनोळखी माणसाला त्याचं वाक्य दुसऱ्यांदा ऐकावं लागतं. अक्षर मोठं आणि वाकडं, एक पान लिहायला इतरांच्या तिप्पट वेळ. एवढं तुझ्या माणसांना पहिल्या दिवशीच दिसलं. जे दिसलं नाही ते सांगते. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना भरतीचा जो हिशेब तोंडपाठ असतो, तो या पोराला चौथीत यायला लागला. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. आजोबांनी एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंमत म्हणून त्रयोदशी विचारली, तर हा थांबत थांबत म्हणाला, ‘पावणे... दहा.’ अपूर्णांकांचा धडा वर्गात यायच्या आधीच पाऊणपट म्हणजे काय ते त्याला कळत होतं. त्याची आई सुके बोंबील विकते. कुणाकडे किती उधारी आहे ते तिच्या वहीत नसतं, याच्या डोक्यात असतं.

आठवीपर्यंत तो महापालिकेच्या शाळेत शिकला. तिथे कुणी चमत्कार केला नाही. एका बाईंनी चार साध्या गोष्टी केल्या. त्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवला. चाचणीत त्याची निम्मी उत्तरं तोंडी घेतली. शेजारी बसणाऱ्या मुलाच्या वहीत कार्बन पेपर घालायला लावला, म्हणजे त्याने फळ्यावरचं उतरवून घेतलं की खालची प्रत याची. आणि वर्गाला सांगितलं, की तो बोलत असताना त्याचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. पहिले दोन महिने पोरं चुळबुळ करायची. मग त्यांना सवय झाली. त्याच्या बोलण्याचा वेग तोच राहिला, वर्गाच्या ऐकण्याचा बदलला. त्या कार्बन पेपरचा खर्च महिन्याला दोन वडापावांहून जास्त नव्हता.

मग नववी आली आणि गाठ तुझ्याशी पडली.

शाळेचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं तर बाकीच्या शाळा सुटकेचा श्वास सोडतील, आणि मला कुणालाच सोडायचं नाही. प्रवेश मिळाला, कुरकुरत मिळाला. नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वर्गमित्र दोन बाजूंनी धरून न्यायचे, तर आठवडाभरात ‘पडला तर जबाबदारी कोणाची?’ म्हणून ते बंद झालं. त्यानंतर बहीण स्वतः सकाळी त्याला वर पोचवायची, दुपारी उतरवायला परत यायची, आणि मधले तास फाटकाबाहेर तुझ्या सावलीत बसायची. सहामाहीत त्याला जादा वेळ दिला नाही. गणिताचा पेपर निम्मा लिहून झाला होता तेव्हा घंटा झाली. जेवढा लिहिला तेवढ्यात एकच चूक होती. दिवाळीनंतर बहिणीला बोलावणं आलं.

‘ताई, मुलाचे हाल होतायत. एवढ्या लांबून येतो. त्याच्या भल्यासाठीच सांगतोय. दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून आरामात दहावी होईल. आमच्याकडे दरवर्षी शंभर टक्के निकाल असतो, तुम्ही बाहेर बघितलंच असेल.’

तिने बघितलं होतं. रोजच बघत होती.

अर्ज कसा लिहायचा ते कारकुनाने सांगितलं, तिने लिहिलं. तो शाळा सोडल्याचा दाखला माझ्यासमोर आहे. त्यात एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे निळ्या शाईत लिहिलंय, ‘पालकांच्या विनंतीवरून’. हा दाखला मुलाला आयुष्यभर जपून ठेवावा लागणार आहे, आणि त्यावर त्याच्या आईच्या नावे एक खोटी विनंती कायमची नोंदली गेली आहे. दोन जिने चढून-उतरून जिचे गुडघे गेले, तिने म्हणे स्वतःहून विनंती केली. त्या रकान्यात खरं तर तुझं नाव यायला हवं होतं.

आता तुझ्याच भाषेत बोलू, आकड्यांच्या.

2025 ची दहावीची परीक्षा घे. राज्यात 15 लाख 46 हजार 579 नियमित विद्यार्थी बसले आणि 14 लाख 55 हजार 433 पास झाले. निकाल 94.10 टक्के. त्याच परीक्षेला 9585 दिव्यांग विद्यार्थी बसले, त्यातले 8844 पास झाले. 92.27 टक्के. फरक दोन टक्क्यांचाही नाही. ज्यांच्यामुळे तू घसरशील अशी भीती घातली जाते, ती मुलं बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून पास होतात. ही मुलं त्या परीक्षेपर्यंत पोचली, हाच काय तो त्यांच्यातला आणि माझ्या भाच्यातला फरक. त्यांना कुणीतरी आत ठेवलं.

दुसरा आकडा. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, त्या वर्षी 28 हजार 20 जण बसले. पास झाले 22 हजार 518, निकाल 80.36 टक्के. या सगळ्यांना शाळांनीच बाहेर काढलं असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. त्यात लग्नानंतर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या बाया असतात, कामावरून येऊन रात्री अभ्यास करणारे असतात. त्यांच्यासाठीच तो फॉर्म आहे, आणि ती फार चांगली सोय आहे. पण प्रौढांसाठी ठेवलेलं दार नववीतल्या पोरांना बाहेर घालवायला वापरलं जातं, हे मालाड-मालवणीत कुठल्याही क्लासवाल्याला विचार, तो सांगेल. ज्याला शिकायला जास्त आधार हवा त्याला शाळा नाही, शिक्षक नाही, सराव परीक्षा नाही, बाकावर शेजारी नाही, आणि परीक्षा मात्र तीच. ‘घरी बसून आरामात’ होणाऱ्या दहावीत त्या वर्षी साडेपाच हजार जण नापास झाले. त्यातला एकही कुठल्या शाळेच्या निकालात मोजला गेला नाही. तू जागचा हलला नाहीस.

त्या वर्षी राज्यातल्या सुमारे 7900 शाळांनी तुला टांगलं. त्यातल्या कितीतरी शाळा प्रामाणिक आहेत. खेड्यातली वीस-पंचवीस पोरांची शाळा, रात्री कंदिलासारखे जागणारे शिक्षक, घरोघरी जाऊन पोरांना अभ्यासाला बसवणारे मुख्याध्यापक. त्यांच्या शंभराला माझा नमस्कार. पण तू सगळ्यांच्या फाटकावर सारखाच दिसतोस. कमावलेले शंभर आणि गाळून उरलेले शंभर, दोन्हींना सोनेरी रंग एकच. म्हणून मला तुझा संशय घ्यावा लागतो.

आणि गाळले जाणारे फक्त वॉकरवाले नसतात. वॉकर निदान दिसतो तरी. ज्या मुलीला एका कानाने कमी ऐकू येतं आणि शेवटच्या बाकावर बसून जिचा निम्मा तास वाया जातो, ती दिसत नाही. ‘घर’ लिहिताना ‘रघ’ लिहिणारा, उत्तर माहीत असूनही कागदावर उतरवू न शकणारा मुलगा तर सर्रास आळशी ठरतो. मुंबईत या मुलांसाठी खूप आधी काम सुरू झालं होतं. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन 1996 ची, आणि अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीत सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण न कापणं, गणितात कॅल्क्युलेटर, हे सगळं कागदावर आहे. पण त्यासाठी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मढहून सायनच्या रुग्णालयात जायचं तर आधी बस, मग मालाडहून लोकल, दादरला गाडी बदल, आणि तपासणी एका फेरीत कधीच होत नाही. प्रत्येक फेरीला आईचा एक दिवसाचा धंदा बुडतो. शाळेने नववीच्या सुरुवातीलाच एक पत्र दिलं असतं, पालकांना समजावून पाठवलं असतं, तर दहावीच्या आत प्रमाणपत्र हातात आलं असतं. पण पत्र द्यायचं म्हणजे हे मूल आपलं आहे हे कबूल करायचं. त्यापेक्षा दाखला देणं सोपं.

तुझी माणसं एक वाक्य नेहमी म्हणतात, ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ चल, सोयीचंच बोलू.

त्या शाळेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्या, प्रत्येकी सहा इंच. एकूण चढ 18 इंच. रॅम्पचा नियम साधा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे 18 फूट लांबीचा उतार आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. फाटक ते पायऱ्या हे अंतर त्याहून बरंच जास्त आहे. तिथे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या गाड्या लागतात. बाजूला एक उतार केलेला आहे खरा, पण तो स्कूटर चढवण्यापुरता, इतका उभा की त्यावर वॉकर मागे घसरतो आणि व्हीलचेअर लोटणाराही मागे कोसळेल. तरी शाळांची माहिती भरायच्या यू-डायस प्लसमध्ये ‘रॅम्प आहे का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहायला तेवढा पुरतो. तीच गत स्वच्छतागृहाची. दार एवढं अरुंद की वॉकर बाहेर ठेवून भिंत धरत आत जावं लागतं. माझा भाचा शाळेच्या दिवसात सकाळपासून पाणी प्यायचा नाही. मालाडच्या उकाड्यात, चौदा वर्षांचं पोर. हे तुझ्या कुठल्या रकान्यात येतं?

आणि ज्याला एक पैसा लागत नाही ते? नववी-दहावीचे वर्ग वरच का असतात? लहान मुलांना जिने नकोत म्हणून. बरोबर आहे. पण शाळेत एक मूल जिना चढू शकत नाही हे जूनमध्ये कळल्यावर एक तुकडी खाली आणि एक तुकडी वर नेण्याला फक्त वेळापत्रकाचा कागद बदलावा लागतो. प्रयोगशाळा खाली आणता येत नाही, मान्य. मग महिन्यातून दोनदा त्याच्यासाठी एका टेबलावर प्रयोग मांडता येतो. ज्याला हे करायचं होतं त्या महापालिकेच्या बाईंनी कार्बन पेपरवर केलं.

कायद्याचं म्हणशील, तर कायदा तुझ्या बाजूला नाही. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच, हे तुझ्या माणसांना पाठ असतं. म्हणून तर नववीत धीर येतो. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 31 सांगतं, की 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते घराजवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची. कलम 16 मध्ये मान्यताप्राप्त शाळांकडून काय अपेक्षित आहे ते आहे. भेदभाव न करता प्रवेश, सगळ्यांना वावरता येईल अशी इमारत, प्रत्येकाच्या गरजेनुसार बदल, आणि जाण्या-येण्याची व्यवस्थासुद्धा. वाजवी बदल करायला नकार देणं हाही या कायद्यात भेदभावच धरला आहे. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजार ते पाच लाख. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च प्राथमिक आणि माध्यमिक स्तरावर अशा पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण ठरवून दिलं, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना ही पदं निर्माण करून भरायला सांगितलं. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेले विशेष शिक्षक आहेत. 2024 मध्ये सरकारने केंद्रागणिक एक अशी 4860 पदं मंजूर केली. केंद्र म्हणजे जवळपासच्या अनेक शाळांचा गट. तो शिक्षक एका शाळेत आठवड्यातून एकदा आला तरी नशीब. म्हणून रोजचं काम वर्गशिक्षकालाच करावं लागणार, आणि ते त्याला शिकवावं लागणार. आणि तेही, जिथून सही करून, जेवून माणसं घरी येतात, तसल्या एक दिवसाच्या प्रशिक्षण वर्गात नव्हे.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, याच शाळा व्यासपीठ सजवतात. एखाद्या यशस्वी दिव्यांग व्यक्तीला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, पोरांना म्हणतात, ‘बघा, यांच्याकडून जिद्द शिका.’ उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव अशा भाषणांत हमखास येतं. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या, 2017 च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 124 वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. टाळ्या पडतात. त्या टाळ्या खऱ्या असतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्या मुख्याध्यापकांना जूनमध्ये एक आंधळी मुलगी प्रवेशाला आली तर काय वाटतं, ते मला माहीत आहे. त्यांना तू आठवतोस. दिव्यांगांचं यश सगळ्यांना हवं असतं. त्यांची दहावी घडवायला लागणारी वर्षं नको असतात.

हे या शहरात कुणी केलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी. मुलीला शिकवायला जागा मिळेना म्हणून 1972 मध्ये त्यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. तीच आज अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, पुढे लंडनला शिकल्या, आणि एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. एवढी नावाजलेली विशेष शाळा उभी केल्यावरही 1990 च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेने ठरवलं, की आपली मुलं नेहमीच्या शाळांत गेली पाहिजेत, आणि त्यासाठी शाळांचे शिक्षक घडवायला सुरुवात केली. स्वतः उभारलेल्या शाळेतून मुलं दुसऱ्याच्या शाळेत पाठवायला मोठं मन लागतं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, वसतिगृह काढलं, आणि मग अपंग व इतर मुलं एकत्र शिकतील अशी शाळाही. इटलीने तर 1977 मध्ये कायदा करून शाळांमधले वेगळे वर्गच बंद केले आणि आधाराचा शिक्षक नेहमीच्या वर्गात आणून बसवला. त्यालाही आता पन्नास वर्षं होत आली. अडचणी तिथेही आहेत, पण मूल कुठे बसेल यावर वाद संपला आहे. आता वाद होतो तो ते कसं शिकेल यावर. आपण अजून फाटकावरच अडलोय.

नेहमीच्या शाळेत नुसतं बसवलं की झालं, असं मी मानत नाही. खुणांची भाषा न येणाऱ्या वर्गात बहिरं मूल बसवलं तर ते तिथे सर्वांत एकटं असतं. काही मुलांना काही वर्षं विशेष शाळाच हवी असते, आणि तिथे जीव ओतून काम करणारे शिक्षक आहेत. कायदाही निवड मुलाची आणि पालकांची मानतो. माझं भांडण एवढंच, की ती निवड तू करतोस. साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचीही मला कीव येते. निवडणुकीची कामं, माहितीचे रकाने, वेतनेतर अनुदान वेळेवर नाही, खडूपासून खर्च खिशातून. त्याला एक लेखनिक शोधून आणायला सांगितलं तर तो कपाळावर हात मारतो. पण लेखनिक म्हणून खालच्या वर्गातली मुलं चालतात, आणि शाळेत आठवी-नववीची दीडशे पोरं असतात. त्यातली दहा जण आनंदाने तयार होतील. त्यांना विचारायचं कोण, एवढाच प्रश्न आहे.

दोष पालकांचाही आहे, तोही लिहिते. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही बाया-बापे फाटकाशी उभे राहून तुलाच वाचतो. ‘कुठली शाळा?’ ‘जिचा निकाल शंभर.’ शिक्षक किती, ग्रंथालय आहे का, पोरी नववीत गळतात का, हे कुणी विचारत नाही. ज्याचं मूल हुशार आहे त्याला तर तुझा अभिमानच वाटतो. आपल्या पोराच्या बाकाशेजारचा मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा झाला, तर ‘गावी गेला असेल’ म्हणून गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावर तू उभा आहेस.

तरीही तुला फाडून टाकायला मी सांगत नाही. तुझ्यावर आणखी दोन आकडे छापायला सांगते. या तुकडीतली किती मुलं आठवीत शाळेच्या पटावर होती, आणि त्यातली किती दहावीच्या परीक्षेला याच शाळेतून बसली. आठवीत एकशे वीस आणि दहावीला शंभर, तर वीस कुठे गेली ते लोकांना विचारू दे. कुणी बदलून गावी गेली असतील, कुणी दुसऱ्या शाळेत. ठीक आहे, तसं लिहा. शिक्षण खात्याकडे पटाचे आकडे असतात, म्हणजे हे नव्याने मोजायचंही नाही. ज्या शाळेने एकशे वीसच्या एकशे वीस मुलांना परीक्षेला बसवलं आणि शहाण्णव टक्के निकाल लावला, ती शाळा तुझ्याहून मोठी. तिच्या फाटकावर मी स्वतः हार घालीन.

दरम्यान आमचं ठरलं आहे. बहीण आणि मढ, भाटी, एरंगळच्या आणखी काही आया यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात एकत्रच त्या शाळेत जाणार आहेत. मुलांच्या नववीतल्या प्रवेशाचा अर्ज लेखी असेल. त्यात तीन मागण्या आहेत. नववीची एक तुकडी तळमजल्यावर, पहिल्या चाचणीपासून तासाला वीस मिनिटं जादा वेळ, आणि स्वच्छतागृहाचं दार रुंद. अर्जासोबत युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची प्रत आणि कलम 16 व 31 ची छापील पानं जोडलेली आहेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कुणी उठणार नाही. आणि नकार द्यायचा असेल तर तो तोंडी चालणार नाही. शाळेच्या लेटरहेडवर, कारणासकट, मुख्याध्यापकांच्या सहीने, जावक क्रमांक घालून द्यायचा. ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द त्यात असता कामा नयेत. नकाराची प्रत त्याच दिवशी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे रवाना होईल.

त्या दिवशी तू फाटकावर असशीलच. आम्ही तुझ्याखालूनच आत जाणार आहोत.

मढची एक मावशी